चाळीस बंदुकांत एक

कानोसा नावाचं यंत्र बसवलं त्या दिवशी उंबरगे आरोग्य केंद्रात पेढे वाटले गेले, आणि दोन महिन्यांत केंद्राच्या व्हरांड्यातली बाकडी ओस पडली. बायका येत होत्या, पोरंबाळं येत होती. गायब झाले ते पुरुष, आणि त्यातही नेमके माजी सैनिक. घाटमाथ्यावरच्या या गावात दर दुसऱ्या घरात एक निवृत्त फौजी. गुडघे गेलेले, रक्तदाब चढलेले हे लोक एकाएकी ठणठणीत कसे झाले, याचं उत्तर डॉक्टर समीना शिकलगारला लांब शोधायला जायची गरज नव्हती. ते तिच्या टेबलावरच ठेवलेलं होतं, जेवणाच्या डब्याएवढं, पांढरं, वर एक बारीक हिरवा दिवा.

समीना तालुक्याच्या गावची. बापाचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान. उंबरग्यात हजर झाली तेव्हा एका हवालदाराने तोंडावरच म्हटलं होतं, "शिकलगाराची पोर व्हय? म्हंजे आमच्या हत्याराला धार लावणाऱ्यांची! मग घरचीच की." तीन वर्षांत ती खरंच घरची झाली होती. कुणाच्या घरात कोण रुसलंय, कुणाची सून कशाने वाळलीय, हे तिला रक्ताच्या रिपोर्टाआधी कळायचं. मग कानोसा आला आणि तिच्या अन् गावाच्या मधे बसला.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगायला हवं, कारण त्याला उगाच बदनाम करण्यात अर्थ नाही. आपल्या मेंदूतून व्हेगस नावाची एक नस निघते. या लॅटिन शब्दाचा अर्थ भटकी, आणि नस नावाला जागणारी आहे. मानेतून खाली उतरते, हृदयाला जाऊन भिडते, पार पोटापर्यंत पोचते, आणि तिचा एक फाटा छातीतल्या मोठ्या धमनीला वळसा घालून परत वर गळ्यात, स्वरयंत्रापाशी येतो. म्हणजे हृदय आणि आवाज एकाच तारेवर बांधलेले. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना ठोके जरा घाई करतात, सोडताना रेंगाळतात. माणूस आतून फार खचला, रात्र रात्र झोप लागेना, की ही नस मंदावते. ठोके एकसुरी पडतात, आवाजातले बारीक चढउतार सपाट होतात, दोन शब्दांमधले थांबे लांबतात. तुमच्या-माझ्या कानाला यातलं काही कळत नाही. कानोसाला कळतं. मायक्रोफोनने तो आवाज ऐकतो, छोट्या रडारने अंगाला हात न लावता छातीचे ठोके टिपतो, आणि चार-पाच मिनिटांच्या गप्पांनंतर डॉक्टरच्या पडद्यावर एक आकडा दाखवतो. शून्य ते शंभर. पुढच्या महिन्याभरात हा माणूस स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका किती, त्याचा तो आकडा. सत्तरच्या वर गेला की पडद्याला लाल चौकट येते.

२०४३ साली हे यंत्र उंबरग्यात येईपर्यंत ते जिथं जिथं बसलं होतं तिथं आत्महत्या एक तृतीयांशाने घटल्या होत्या. समीनाने स्वतः त्याच्या जोरावर एक बाई वाचवली होती. हसत हसत कंबरदुखीचं औषध मागायला आलेली बाई, आकडा ब्याऐंशी. घरातली फवारणीच्या औषधाची बाटली शेजारणीच्या कपाटात गेली, बाई आज बचत गटाची अध्यक्ष आहे. समीना तेव्हा फिलोमिना सिस्टरना म्हणाली होती, "सिस्टर, या डब्याला रोज उदबत्ती लावली पाहिजे." फिलोमिना बारदेस्कर तिशी ओलांडल्यापासून याच केंद्रात होत्या आणि आता निवृत्तीला टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लावू की. पण जरा थांबू या, बाई."

सिस्टरांचं 'जरा थांबू या' खरं ठरलं. लाल चौकट आली की पडद्यावर प्रश्न यायचे, आणि उत्तर भरल्याशिवाय पुढचा पेशंट उघडायचा नाही. घरात विषारी औषध आहे का? शस्त्र आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गावच्या आशा सेविकेकडे जायचं. दुसऱ्याचं उत्तर, नव्या नियमाप्रमाणे, आपोआप पोलीस ठाण्यात. संध्याकाळच्या आत दारात जीप, बंदूक जप्त, परवाना कायमचा रद्द.

उंबरग्यात परवान्याच्या एक्केचाळीस बंदुका होत्या. गवे आणि रानडुकरं भातात घुसतात म्हणून शेतीच्या राखणीसाठी काही, आणि निवृत्तीनंतर बँकेच्या दारात पहारेकऱ्याची नोकरी मिळते ती स्वतःची बंदूक असली तर, म्हणून काही. पहिला बळी गेला हवालदार सहदेव गुरवचा. गडी आला होता खोकल्यासाठी. लेक बाळंतपणाला आलेली, नातू रात्रभर रडायचा, त्यामुळे तीन आठवडे डोळ्याला डोळा नव्हता. यंत्राला जागरण दिसलं, नातू दिसला नाही. आकडा चौऱ्याहत्तर. समीनाने नियमाप्रमाणे विचारलं, त्याने सरळपणाने सांगितलं, तिने 'हो' दाबलं. संध्याकाळी जीप आली. बंदूक गेली, बंदुकीबरोबर बँकेची नोकरी गेली, आणि 'डोक्यावर परिणाम झालाय म्हणं' ही वार्ता तेवढी मागे राहिली. समीना माफी मागायला त्याच्या घरी गेली तेव्हा तो अंगणात नातवाला खेळवत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमी इचारलंसा, मी सांगितलं. चूक माजीच."

त्या वाक्याने तिला चार रात्री झोप दिली नाही. कानोसाने तिचाच आवाज ऐकला असता तर काय आकडा दाखवला असता कुणास ठाऊक.

त्यानंतर फौजी येईनासे झाले. आलेच तर गालात तंबाखूचा बार भरून, म्हणजे आवाज घोगरा येईल आणि यंत्राला ताकास तूर लागणार नाही. एकाने बायकोला पाठवलं, "चक्कर त्यांस्नी येत्यात, तेवढं बीपी माजं बगा." दुसऱ्याने प्रत्येक प्रश्नाला मुंडी हलवून उत्तर दिलं, तोंडातून शब्द नाही. सिस्टर हसून हसून बेजार झाल्या. समीनाला हसू आलं नाही. माणसांचा आवाज ऐकायला यंत्र आणलं, आणि माणसं बोलायचीच बंद झाली.

अशात सुभेदार कृष्णात होडगे आले. घटस्थापनेचा आदला दिवस, सकाळचे अकरा. वय सहासष्ट, पाठ अजून सरळ, गालात तंबाखू नाही. पुढ्यात चाकांची खुर्ची ढकलत आणली होती. बायको, शालनबाई, आजारी असताना केंद्रातून नेलेली. माघात त्या गेल्या. आठ महिन्यांनी खुर्ची परत आली, ती धुऊन, पुसून, चाकांना तेल घालून. हँडलला घनसाळ तांदळाची पिशवी अडकवलेली.

"खुर्ची लई दिस ऱ्हायली आमच्याकडं. माफी असावी," ते म्हणाले. "आन तांदूळ तुमास्नी. शालनला लई जीव हुता तुमच्यावर."

"बसा की, सुभेदार. तब्येत कशी आहे?"

"नो पॉइंट."

हे उंबरग्याचं ठरलेलं उत्तर. पलटणीत महिन्याकाठी दरबार भरतो, साहेब विचारतो, कोई पॉइंट? आणि पोटात दुखत असो की घर जळत असो, सगळी पलटण एका सुरात ओरडते, नो पॉइंट, साहेब! वीस-पंचवीस वर्षं हे ओरडून ओरडून ते हाडीमाशी खिळतं. डॉक्टरपुढेही तेच बाहेर पडतं.

समीनाने गप्पा चालू ठेवल्या. कुत्रं कुठाय? बहिणीकडं दिलं. काजूची बाग? पुतण्याच्या नावावर केली, मागनं कटकट नको. शालनबाईंच्या साड्या वाटल्या, पितळी भांडी देवळाला दिली. सुभेदार हे सगळं हसतमुखाने सांगत होते, आणि समीना मनात एकेक वस्तू मोजत होती. एवढी आवराआवर माणूस कधी करतो? प्रवासाला निघताना करतो.

पडद्यावर आकडा आला. एक्याण्णव. लाल चौकट. आणि खाली तो प्रश्न. रुग्णाच्या घरी शस्त्र आहे का? हो. नाही.

सुभेदारांकडे दुनळी बारा बोअर होती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ते माहीत नसलेला एकच होता, तो डबा. 'हो' दाबलं तर संध्याकाळी जीप. या माणसाची आता जी काय उरली होती ती इज्जत, ती चारचौघांत काढून घेतली जाणार, आणि मग उंबरग्याचा एकही फौजी मरेपर्यंत या दाराची पायरी चढणार नाही. 'नाही' दाबलं तर ते खोटं, आणि तो घरी जाणार, एकटा, त्या बंदुकीकडे. इकडे आड, तिकडे विहीर. आकडा चुकला असेल असं म्हणून स्वतःची समजूत घालायची सोय नव्हती, कारण यंत्राच्या आधी तिलाच कळलं होतं.

समीना उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने प्लग उपसला. पंखा त्याच बोर्डावर होता, तोही बंद पडला. खोलीत एकदम शांत झालं.

"ह्ये काय केलासा?" सुभेदार म्हणाले.

"बंद केलं. उत्तर भरल्याशिवाय ते कुठं काही कळवत नाही, आणि बंद झालं की अर्धवट राहिलेलं पुसून जातं. आता इथं तुम्ही आणि मी." ती खुर्ची ओढून त्यांच्या समोर, जवळ बसली. "काका, शालनमावशींनी मला एक गोष्ट सांगितली होती. तुमच्या चौकीवर एक बिहारी पोरगा होता. घरून फोन आला, धाकटा भाऊ गेला म्हणून. रजा मिळेना, बर्फाने रस्ता बंद. तुम्ही त्याला काय म्हणाला होता?"

सुभेदारांनी बंद पडद्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "म्हटलं, तेरी रायफल आज मैं साफ करता हूँ."

"किती दिवस साफ केली?"

"नऊ दिस. बोल्ट माज्या खिशात, त्याबिगार गोळी सुटत न्हाई. जेवायला त्येच्या शेजारी, झोपायला त्येच्या शेजारी."

"त्याला कळलं होतं?"

"कळलं की! न कळायला काय झालं? पर बोलला न्हाई. मीबी बोललो न्हाई. रस्ता खुला झाला, गेला घरला. त्येचं पोरगं आता फौजेत हाय."

"कागदावर लिहिलंत कुठं?"

"लिवलं असतं तर पोराची नोकरी गेली असती, बाई. आसलं लिवायचं नसतंय."

"मग काका," समीना म्हणाली, "तुमची बंदूक काही दिवस मी साफ करते."

सुभेदारांचा चेहरा आधी लाल झाला. ते उठून उभे राहिले. आता हा माणूस दार आपटून जाणार, असं तिला वाटलं. ते दारापर्यंत गेले, कडीला हात लावला, आणि तसेच थांबले. पाठ तिच्याकडे. बोलले तेव्हा आवाज अगदी लहान होता.

"ती गेल्यापासनं घरात आवाजच न्हाई वो. भांडं पडल्याचाबी न्हाई. सकाळी उठतो, दोन कप चा टाकतो. रोज. मग एक वततो. आठ म्हयनं झालं, हाताला आजून कळत न्हाई." त्यांनी कपाळ दाराला टेकवलं. "दसऱ्यापातूर आवरायचं, आसं ठरीवलंतं."

समीनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पुसलं नाही. तिने त्यांना धरून परत खुर्चीत बसवलं, सिस्टरना हाक मारून चहा सांगितला, आणि मग शांतपणे, एखाद्याला साखरेचा आजार समजावून सांगावा तसं सांगितलं. हा आजार आहे, याला गोळी आहे, बोलण्याचा उपाय आहे, दोन्हीला वेळ लागतो. पण मरावंसं वाटणं ही लाट असते. ती चढते तशी उतरते, बहुतेकदा तासा-दोन तासांत. ती चढलेली असताना हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. हाताशी काही नसलं की लाट निघून जाते, आणि वाचलेल्यांतले बहुतेक जण पुढे म्हातारे होऊन मरतात.

"समजतंय मला," सुभेदार म्हणाले. "पर माज्या एकट्याची बंदूक गेली तर माजा सहदेव हुतोय. त्ये मला सोसायचं न्हाई. निवडणुकीला कसं, समद्यांच्या जात्यात ठाण्यात. पावती घ्यायची, म्हयन्यानं आणायची. तवा कुनाला काय वाटतं? काय बी न्हाई."

समीना कपाकडे जाणारा हात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"काका, समद्यांच्याच नेल्या तर?"

"कुनी न्यायच्या?"

"न्यायच्या नाहीत. त्यांनी स्वतः नेऊन ठेवल्या तर. आपखुशीने ठेवायची सोय कायद्यात आहे, परवाना तसाच राहतो, नोंदीत कारण लिहावं लागत नाही."

सुभेदार पहिल्यांदाच हसले, अगदी कडू. "चाळीस फौज्यांनी बंदुका आपखुशीनं द्याच्या? ऐन भाताच्या दिवसांत, गवं उतरल्यालं असताना? खंडेनवमीच्या तोंडावर? आन कशासाठी म्हनून सांगणार तुमी?"

"ते माझ्यावर सोडा. तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

त्या दुपारी ती आणि सिस्टर त्यांच्याबरोबर घरी गेल्या. सुभेदारांनी बंदूक ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली समीनाच्या हातात दिली. दुसऱ्याची बंदूक बिनपरवाना ठेवता येत नाही, पण किल्ली म्हणजे काही हत्यार नव्हे, ती कुणीही ठेवावी. रात्री ते पुतण्याकडे जेवतील आणि तिथंच झोपतील असं ठरलं. पुतण्याच्या बायकोला सांगितलं ते एवढंच, की काकांना ताप येण्याची लक्षणं आहेत, एकटं ठेवू नका.

संध्याकाळी पाच वाजता माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तिने सगळ्यांना बोलावलं. आले झाडून सगळे, उत्सुकतेपोटी. खुर्चीत ऑनररी कॅप्टन भैरू शेटगे, ऐंशीला आलेले, छातीवर पदकांची पट्टी. सुभेदार तिसऱ्या रांगेत, भिंतीकडे बघत. सहदेव गुरव सगळ्यात मागे, दारापाशी, बोलावलं नसतं तर बरं झालं असतं अशा चेहऱ्याने.

समीनाने सजवून काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुमच्यातल्या एका माणसासाठी मी आले आहे. त्याच्या हाताशी सध्या बंदूक नसली तर तो जगेल. एकट्याची काढली तर तो दुसऱ्या कशाने मरेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मागतेय. सगळ्यांच्या बंदुका उद्या सकाळी ठाण्यात जमा करा, निवडणुकीला करता तशा. सुगी होईपर्यंत."

हॉलमध्ये मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं झालं. भाताची राखण कोण करणार? खंडेनवमीला पूजा कशाची, कोयत्याची? एका नाईकाने सरळ विचारलं, "बाई, हे तुमच्या डब्यानं सांगितलं का तुमी सांगताय?"

"मी सांगतेय. डबा बंद आहे."

कॅप्टन शेटग्यांनी हात वर केला. गडबड थांबली. "बाई, कुनासाठी, ते तरी सांगा. हितं सगळी एका ताटातली मानसं हायत."

"नाही सांगणार, साहेब."

"आमास्नीबी न्हाई?"

"कुणालाच नाही. आज त्याचं सांगितलं तर उद्या तुमचंही सांगेन, हे लक्षात ठेवूनच तुम्ही माझ्याकडे याल. म्हणजे येणारच नाही."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आता यांनी नाही म्हटलं तर समीनाकडे दुसरा रस्ता नव्हता. परत जाऊन प्लग लावायचा, सुभेदारांना पुन्हा यंत्रापुढे बसवायचं आणि 'हो' दाबायचं, एवढंच.

तेव्हा मागे दारापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सहदेव गुरव उभा होता. त्याची बंदूक केव्हाच गेलेली, म्हणजे त्याने बोलायचं तसं कारणही नव्हतं. समीनाने मान खाली घातली. जे काही ऐकावं लागेल ते ऐकण्याची तिची तयारी होती.

"माजी नेली तवा," सहदेव म्हणाला, "जीप दारात हुबी ऱ्हायली आन समदी गल्ली बगाय आली. तुमीबी हुतासा त्यात, मी कुनाचं नाव घेत न्हाई. त्या दिवशी एकानं जरी आपली बंदूक माज्या बंदुकीशेजारी जीपमदी ठेवली असती ना, तर मी आज हितं मागं बसलो नसतो." त्याने समीनाकडे पाहिलं. "बाईंनी माजं वाटुळं केलं आसं मी म्हनत हुतो. पर आज त्या नाव सांगंनात. कुनाचं का आसंना. द्या की. काय जातंय?"

एवढं बोलून तो खाली बसला. माणसाने मोठं व्हायचं ते असं. ज्याचं सगळ्यात जास्त गेलं होतं त्याने सगळ्यात आधी पदरचं दिलं, आणि देण्यासारखं त्याच्यापाशी काही उरलेलं नसताना दिलं. समीनाने ते नंतर आयुष्यभर सांगितलं असतं, पण तिला ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

कॅप्टन शेटगे काठी टेकत उभे राहिले. "उद्या सकाळी धा वाजता. तीनच्या रांगेत. कोई पॉइंट?"

"नो पॉइंट, साहेब!" हॉलचे पत्रे हलले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठाण्यासमोर चाळीस माणसं आणि चाळीस बंदुका ओळीने उभ्या राहिल्या. ठाण्याचा तरुण फौजदार पार गोंधळला. निवडणूक नाही, दंगा नाही, आणि हे काय? कॅप्टनसाहेब त्याला म्हणाले, "पावत्या फाडा. कारन आमालाबी म्हाईत न्हाई." सुभेदार होडगे रांगेत चौदावे होते. समीनाने त्यांना ट्रंकेची किल्ली पहाटेच नेऊन दिली होती आणि बंदूक बाहेर निघाल्यापासून पुतण्या त्यांच्या बाजूला चालत होता. त्यांची बंदूक तेराव्या आणि पंधराव्या बंदुकीमध्ये ठेवली गेली आणि तिथून पुढे ती कुणाची ते ओळखू येईना.

खंडेनवमीला सगळा गाव ठाण्यात गेला. फौजदाराने हत्यारांची खोली उघडली, दारातच झेंडूचे हार, कुंकू, नारळ. सहदेव गुरवने चाळीसही बंदुकांना फुलं वाहिली.

आणि मग एक अशी गोष्ट घडली जी समीनाच्या ध्यानीमनी नव्हती. बंदूक असताना भाताच्या राखणीला एक माणूस पुरायचा. बंदूक नसताना चार लागतात. डबे बडवायला, टेंभे धरायला, आरडाओरडा करायला. त्यामुळे जे फौजी वर्षानुवर्षं आपापल्या माळ्यावर एकेकटे बसत होते, ते चौघा-चौघांच्या टोळ्या करून बांधावर बसायला लागले. गप्पा झाल्या, जुनी भांडणं निघाली, मिटली. गव्यांनी त्या वर्षी भात जरा जास्तच खाल्लं. सुभेदारांच्या टोळीत सहदेव होता. दोघं मिळून चहा करायचे आणि कप चारच मांडायचे. दर मंगळवारी सुभेदार केंद्रात येऊन अर्धा तास बोलायचे, गोळी घ्यायचे. दिवाळीच्या सुमारास त्यांनी बहिणीकडून कुत्रं परत आणलं, तेव्हा समीनाने सिस्टरना मिठी मारली.

तोपर्यंत तिच्यावर चौकशी लागली होती. यंत्र त्या दिवशी सकाळी अकरानंतर बंद का होतं? वरून आलेल्या साहेबांनी विचारलं, "ते बंद केलं तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"एका पेशंटशी बोलत होते."

"कोणत्या?"

"ते त्यांना विचारावं लागेल, आणि ते कोण हे मी सांगणार नाही."

"यंत्रावर विश्वास नाही तुमचा?"

"पूर्ण विश्वास आहे, साहेब. ते कळवतं ते खरं असतं. पण ते ऐकून घरातलं काय विचारायचं, कसं विचारायचं, आणि ऐकलेलं कुठवर न्यायचं, हे माझं काम आहे. ते मी त्याच्यावर कशी सोपवू?"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने बराच वेळ पेन फिरवलं, मग सक्त ताकीद लिहिली आणि जाताना, कागदावर न लिहिता, म्हणाला, "तुमच्या केंद्रात पुरुष पेशंट तिप्पट झालेत. बाकीकडे कमी होताहेत. हे मी वर कसं सांगू, तेवढं सुचवा." तिने सुचवलं. त्याने ते वर सांगितलं की नाही, ते अजून कळलेलं नाही.

कार्तिकात, सुगी उरकत आली तेव्हा, एक निवृत्त हवालदार केंद्रात आला. तपासायचं काही नव्हतं. इकडेतिकडे बघून त्याने टेबलावर नारळ ठेवला आणि म्हणाला, "बाई, माज्यासाठी केलंसा. कळलं मला." आणि उत्तराची वाट न बघता गेला. समीना त्या नारळाकडे बघत बसली. या माणसाची तिने कधी शंकाही घेतली नव्हती. यंत्रापुढे हा कायम तंबाखू भरून बसायचा.

आठ दिवसांनी दुसरा आला. जेमतेम चाळिशीचा, नुकताच निवृत्त झालेला नाईक, लहान दोन पोरींचा बाप. त्याने तर नारळही आणला नव्हता. खुर्चीत बसला आणि रडला. "बायकूला सांगू नगा. आता बरं हाय. पर तवा तुमी त्या बंदुका नेल्या नसत्या तर..." समीनाने त्याला पाणी दिलं, मंगळवार नको म्हणून गुरुवार दिला.

बंदुका परत आणायच्या आदल्या दिवशी, दुपारी, व्हरांड्यात काठीचा आवाज झाला. ऑनररी कॅप्टन भैरू शेटगे आत आले, दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं आणि उभेच राहिले. पदकांची पट्टी नव्हती. पट्टीवाचून ते फार म्हातारे दिसत होते.

"माजी आजून चार म्हयनं तितंच ठेवली तर चालंल का, बाई?" ते म्हणाले, आणि मग, "त्या दिवशी समद्यांपुढं मीच इचारलं, कुनासाठी म्हनून. वाटलं, तुमी आता माजं नाव घेतासा. तुमास्नी कसं कळलं वो?"

यंत्रापुढे समीना एकदाही खोटं बोलली नव्हती. चौकशीतही नाही. आता बोलली.

"कळलं होतं, साहेब," ती म्हणाली. "बसा."